न्यूझीलंडचं मॉडेल कोल्हापुरात आणा म्हणणाऱ्यांना

सध्या व्हॉट्सॲपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. 'न्यूझीलंडला जमलं ते आपल्याला का जमत नाही?' असं त्याचं शीर्षक. पेन्शनरांच्या ग्रुपवर आला, रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्यांच्या ग्रुपवर आला, तेव्हा मी सोडून दिला. पण परवा भाचीने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, हे मेन्सच्या उत्तरात लिहिलं तर चालेल का?" ती राज्यसेवेची तयारी करते. उद्या पास झाली तर कुठल्यातरी तहसील कार्यालयात तिला खुर्ची मिळेल, आणि त्या खुर्चीत ती हा मेसेज डोक्यात घेऊन बसेल. ते मला चालणार नाही, म्हणून लिहितोय.

मी महसूल खात्यात कारकून म्हणून लागलो, अव्वल कारकून झालो आणि नायब तहसीलदार म्हणून याच जिल्ह्यात निवृत्त झालो. त्यामुळे यातलं बरंच हाताखालून गेलेलं आहे.

ज्यांना मेसेज आला नसेल त्यांच्यासाठी त्याचा सारांश. न्यूझीलंडने 1984 नंतर सरकार कंपनीसारखं चालवलं आणि थोड्याच वर्षांत बाबूगिरी संपली. ब्रिटनने तेच केलं. आपण त्याच सुधारणा आणल्या, पण 'भारतीय बाबूच्या मानसिकतेने' त्या नासवल्या. म्हणून मॉडेल जसंच्या तसं आणा, सगळी कामं ठेक्यावर द्या, सगळं ऑनलाइन करा, पगार टार्गेटला बांधा. या मातीत शिस्त कधी नव्हतीच, ती बाहेरूनच आणावी लागेल. आणि तोपर्यंत सामान्य माणसाच्या हातात काही नाही, तेव्हा मेसेज पुढे पाठवा.

'न्यूझीलंडचं मॉडेल जसंच्या तसं आणा'

आधी न्यूझीलंडचंच बघू, कारण मेसेजची सगळी इमारत त्याच्यावर उभी आहे.

1984 साली तिथे लेबर पक्षाचं सरकार आलं आणि रॉजर डग्लस अर्थमंत्री झाले. 1988 च्या स्टेट सेक्टर ॲक्टने खात्यांचे प्रमुख कायमच्या नोकरीतून मुदतीच्या करारावर आणले. माणसं नेमण्याचे, पगार ठरवण्याचे अधिकार त्यांच्याकडे गेले. 1989 च्या पब्लिक फायनान्स ॲक्टने खात्यांना नुसता खर्च दाखवून भागेना, त्या खर्चात जनतेला नेमकं काय दिलं ते दाखवावं लागू लागलं. हिशेब सुधारले, कामं सुटसुटीत झाली. एवढं खरं आहे, आणि ते मी नाकारत नाही.

पण तेव्हा त्या देशाची लोकसंख्या होती 33 लाखांच्या आसपास. 2011 च्या जनगणनेत आपल्या एकट्या कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या 38 लाखांच्या वर आहे. बारा तालुक्यांच्या एका जिल्ह्यापेक्षा लहान देशाचं उदाहरण महाराष्ट्राला लावताना निदान एवढं तरी सांगायला हवं होतं.

आकाराचं सोडून देऊ. खरा मुद्दा ॲलन शिक यांनी मांडलाय आणि तो भाचीने वहीत लिहून ठेवावा. शिक हे अमेरिकन अभ्यासक, सरकारी अर्थसंकल्प हा त्यांचा विषय. न्यूझीलंडने 1996 साली आपल्या सुधारणांचं मूल्यमापन त्यांच्याकडूनच करून घेतलं होतं, आणि त्यांनी बरंचसं चांगलंच म्हटलं. म्हणजे माणूस त्या मॉडेलचा वैरी नव्हे. त्याच शिक यांनी 1998 साली जागतिक बँकेच्या संशोधन पत्रिकेत लेख लिहिला, आणि बहुतेक विकसनशील देशांनी न्यूझीलंडच्या सुधारणांच्या वाटेला जाऊ नये, हे त्याच्या शीर्षकातच सांगितलं.

कारण असं. न्यूझीलंडचा सगळा कारभार करारावर उभा आहे. मंत्री आणि खातेप्रमुख यांच्यात करार, खातं आणि काम करणारी संस्था यांच्यात करार. असला कारभार तिथेच चालतो, जिथे बाजारातही करार पाळले जातात आणि मोडले तर कोर्टात वेळेवर दाद मिळते. ज्या देशात कागदावरचा कारभार एक आणि प्रत्यक्षातला दुसरा असतो, तिथे अधिकाऱ्याला 'मोकळे हात' दिले की त्याच्यावर जो थोडाफार वचक होता तोही जातो. म्हणून शिक म्हणतात, पायऱ्या गाळू नका. रोखीचा हिशेब चोख जमला की मग पुढचे हिशेब. पैसा, माणसं, साहित्य यांच्यावर बाहेरून नियंत्रण ठेवायला आधी शिका, आणि मग अधिकाऱ्याच्या विवेकावर सोडा.

हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. कुठल्याही सरकारी कार्यालयातली छोट्या खरेदीची फाइल उघडा. नियमाप्रमाणे तीन दरपत्रकं जोडलेली असतात. तिन्ही वेगवेगळ्या दुकानांची, शिक्के वेगळे, आणि तिन्हींवरचं हस्ताक्षर एकाच माणसाचं. सगळ्यात कमी दर कुणाचा हे फाइल सुरू व्हायच्या आधी ठरलेलं असतं. मी अशा फाइलींवर आक्षेप काढले आहेत. नियम शंभर टक्के पाळलेला आणि नियमाचा हेतू शंभर टक्के मारलेला. या कार्यालयाला उद्या सांगितलं, की आता दरपत्रकांची कटकट नको, तुम्ही फक्त टार्गेट गाठा, तर काय होईल हे शिक यांना वॉशिंग्टनच्या बाजूला बसून कळलं. मेसेज लिहिणाऱ्याला इथे राहून कळू नये?

आणि न्यूझीलंडमध्ये तरी सगळं आलबेल होतं का? याच सुधारणांच्या काळात, 1987 साली तिथे वनं आणि अभयारण्यं सांभाळणारं नवीन खातं काढलं. पैसा कमी, माणसं कमी. 28 एप्रिल 1995 ला केव्ह क्रीक नावाच्या ठिकाणी त्या खात्याने दरीवर बांधलेला सज्जा कोसळला आणि 14 जण गेले. 13 विद्यार्थी होते, एक खात्याचा माणूस. चौकशीत निघालं, की सज्जाची रचना पात्र इंजिनिअरने केलेली नव्हती आणि जिथे बोल्ट हवे तिथे खिळे मारले होते. चौकशी आयोगाने दोष कुणा एकट्यावर न ठेवता सगळ्या व्यवस्थेवर ठेवला. खटला कुणावरच झाला नाही. पुढे संबंधित मंत्री पायउतार झाले, पण ते वर्षभराने. शेवटी 2020 साली न्यूझीलंडने तो 1988 चा कायदाच बाजूला काढून नवीन पब्लिक सर्व्हिस ॲक्ट आणला, कारण प्रत्येक खातं स्वतःचं संस्थान होऊन बसलं होतं आणि एकत्र काम होत नव्हतं. ज्यांनी मॉडेल बनवलं त्यांनी ते बदललं. आम्ही मात्र ते जसंच्या तसं आणायचं.

'भारतीय बाबूच्या मानसिकतेने सुधारणा नासवल्या'

या वाक्याने मला सगळ्यात जास्त राग आला. त्यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच ते घातक आहे.

सुधारणा आपल्याकडे येऊन बदलतात, हे खरं. कशा बदलतात ते सांगतो. ब्रिटनमध्ये जॉन मेजर यांनी 1991 साली नागरिकांची सनद काढली. कोणती सेवा किती दिवसांत मिळणार हे सरकारने आधीच लिहून द्यायचं. आपल्याकडे 1997 च्या मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत ती स्वीकारली गेली आणि कार्यालयांच्या दारात निळ्या-पांढऱ्या पाट्या लागल्या. मी अशा कार्यालयात काम केलंय, जिथल्या पाटीवर बदलून गेलेल्या साहेबांचं नाव त्यांच्या जागी दोन साहेब येऊन गेले तरी तसंच होतं. पाटी लावली की आदेशाची पूर्तता झाली. तसा अहवाल वर गेला, विषय संपला.

मग महाराष्ट्राने बदल्यांचा आणि दप्तर दिरंगाईचा 2005 चा कायदा केला. त्यात स्पष्ट लिहिलं, की कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाइल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये. कायदा उत्तम. कार्यालयाने त्याचं काय केलं? फाइल फिरती ठेवली. सहाव्या दिवशी टिपणीवर शेरा पडतो 'चर्चा करावी'. फाइल खाली येते. चर्चा होते किंवा होत नाही, फाइल पुन्हा वर जाते. मग 'नियमातील तरतूद नमूद करून फेर सादर करावे'. पुन्हा खाली. प्रत्येक टेबलावर ती सात दिवसांच्या आतच असते, आवक-जावक नोंदवही तपासली तर कुणीही दोषी सापडत नाही, आणि शेतकऱ्याचं काम सहा महिने झालेलं नसतं.

2015 चा लोकसेवा हक्क कायदा आला आणि अर्ज पोर्टलवर गेले. उत्पन्नाच्या दाखल्याला 15 दिवसांची मुदत. मुदत पाळली नाही तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड. मग चौदाव्या दिवशी अर्ज 'त्रुटी' म्हणून परत जाऊ लागले. एका तालुक्यात, नाव घेत नाही, एका बाईंचा अर्ज मी स्क्रीनवर पाहिलाय. मुलाच्या प्रवेशासाठी दाखला हवा होता. त्रुटी काय, तर 'स्वयंघोषणापत्रावरील सही अस्पष्ट'. पोर्टलवर कागद मोठा करून बघितला. सही वाचता येत होती, फक्त स्कॅन थोडा तिरका होता. अर्ज परत गेला, दिवस नव्याने मोजायला सुरुवात झाली, आणि महिन्याअखेरच्या तक्त्यात त्या टेबलाची प्रलंबित प्रकरणं शून्य. त्या बाई पुन्हा सेवा केंद्रात, पुन्हा रांगेत, पुन्हा एसटीचं भाडं. प्रवेशाची तारीख कुणासाठी थांबत नाही.

तर होय, हे होतं. पैसे खाणारेही आहेत, लाचलुचपतच्या सापळ्यांच्या बातम्या आपण सगळे वाचतो, त्यांची बाजू मी घेणार नाही. पण प्रत्येक कारकून पैशासाठी त्रुटी काढत नाही, आणि हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. दाखला चुकीचा दिला तर कारकुनाची विभागीय चौकशी लागते. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर निवृत्तीनंतरही पेन्शन अडकू शकतं. खात्री नसलेलं काम अडवलं, परत पाठवलं, वर ढकललं, तर मात्र काहीच होत नाही. माझ्या सगळ्या नोकरीत मी 'नाही' म्हटल्याबद्दल एकाही कारकुनाची चौकशी लागलेली पाहिली नाही. 'हो' म्हणून चौकशीत सापडलेले, आणि नंतर निर्दोष सुटलेले, बरेच पाहिले. सुटेपर्यंत पोरांची लग्नं लांबली, प्रमोशन गेलं. ते बघत मोठा झालेला नवीन कारकून पहिल्या वर्षातच शिकतो, की सहीपासून लांब राहायचं. मुदतीचा कायदा याच भीतीवर येऊन बसला. कायद्याने मुदत दिली, पण सद्भावनेने चूक झाली तरी मागे लागणाऱ्या चौकशीची भीती काही गेली नाही. मग माणसाने दोन्हीतून वाट काढली: मुदतही पाळायची आणि सहीही टाळायची. त्या वाटेचं नाव 'त्रुटी'.

आणि हे फक्त भारतीय माणूस करतो, असं म्हणणाऱ्यांनी इंग्लंडमधल्या स्टॅफर्डच्या सरकारी रुग्णालयाचं वाचावं. टार्गेट आणि ताळेबंद यांच्यामागे लागून व्यवस्थापनाने रुग्णांकडे इतकं दुर्लक्ष केलं, की 2005 ते 2009 या काळातल्या तिथल्या हालांवर सार्वजनिक चौकशी नेमावी लागली. फ्रान्सिस चौकशीचा अहवाल 2013 साली आला. त्यात रुग्णांना पाणीसुद्धा हाताशी मिळत नव्हतं, हे नोंदलेलं आहे. तक्त्यात आकडा बरोबर दिसला पाहिजे म्हटलं, की गोरा माणूसही आकडाच सांभाळतो. मानसिकता हा शब्द वापरला की भीती, बदली, लेखापरीक्षण, रिकामी पदं यातलं काहीच बघावं लागत नाही. एका कारकुनाकडे तीन टेबलांचा कार्यभार असतो, हे मेसेजमध्ये कुठे आहे?

'सगळी कामं ठेक्यावर द्या'

हे कोल्हापुरात फॉरवर्ड करणाऱ्याला लाज वाटायला हवी होती.

आपल्या शहराने हा प्रयोग स्वतःच्या अंगावर केलेला आहे. एकात्मिक रस्ते विकास प्रकल्प. सुमारे 50 किलोमीटरचे शहरातले रस्ते, 220 कोटींचा खर्च, बांधा-वापरा-हस्तांतर करा पद्धत, आणि बदल्यात 30 वर्षं टोल. महापालिका, रस्ते विकास महामंडळ आणि ठेकेदार कंपनी असा तिघांचा करार. शिवाय टेंबलाईवाडीची मोक्याची जागा दीर्घ मुदतीच्या भाड्याने. जगभर गाजलेलं, पुस्तकात शिकवलं जाणारं मॉडेल: सरकारकडे पैसा नाही, खाजगी कंपनी पैसा घालेल, वापरणारा माणूस फेडेल.

कागदावर यात काही चूक नाही. पण हे मॉडेल एक गोष्ट गृहीत धरतं. करार करणारी सरकारी बाजू कंपनीइतकी तयारीची असली पाहिजे. आपल्या महापालिकेकडे असला करार वाचून त्यातली मेख शोधणारे किती लोक होते? पाण्याच्या, ड्रेनेजच्या जुन्या लाइन कुणी हलवायच्या, अर्धवट राहिलेल्या कामाचं काय, दर्जा कुणी मोजायचा, यावर वर्षानुवर्षं वाद झाले. बहुतेक कोल्हापूरकरांना करारात काय आहे हे टोलनाके उभे राहिल्यावर कळलं. घरातून भाजीला निघालेल्या माणसाने आपल्याच गावात टोल भरायचा! पुढचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. प्रा. एन. डी. पाटील त्या वयात रस्त्यावर उतरले, कॉ. गोविंद पानसरे उतरले, सगळे पक्ष, तालीम मंडळं, घराघरातल्या बायका उतरल्या. 2013 साली वसुली सुरू झाली, जानेवारी 2014 मध्ये नाके पेटले. शेवटी सरकारला टोल रद्द करावा लागला आणि कंपनीचे पैसे सरकारी तिजोरीतून भागवायची पाळी आली. म्हणजे रस्ते करून घेतले खाजगी पैशाने, आणि फेडले आपणच.

नाके जाळणं बरोबर होतं असं मी म्हणत नाही. पण लोकांना आधी न विचारता, सभागृहात नीट चर्चा न होता, शहरावर 30 वर्षांचा करार लादणं हाच मूळ दोष होता. हा दोष मॉडेलचा की आपल्या कारभाराचा, असं मला कुणी विचारेल. दोन्ही एकमेकांत मिसळल्याचा. कमकुवत महापालिकेच्या हातात मजबूत करार दिला की तो तिच्याच अंगावर उलटतो.

माणसं ठेक्यावर घ्यायचा प्रयोगही झालाय. 6 सप्टेंबर 2023 च्या शासन निर्णयाने नऊ खाजगी एजन्सींकडून सरकारी कार्यालयात बाहेरून मनुष्यबळ घ्यायचं ठरलं होतं. राज्यभर विरोध झाला आणि ऑक्टोबरमध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला. ब्रिटनमध्ये शाळा, रुग्णालयं, तुरुंग यांची कामं बघणारी कॅरिलियन कंपनी जानेवारी 2018 मध्ये बुडाली, तेव्हा तिथल्या सरकारलाच धावावं लागलं. भाचीबाई, तू ज्या पदासाठी रात्रंदिवस अभ्यास करतेस, ते पदच ठेक्यावर द्या असं हा मेसेज सांगतोय. तो तू उत्तरात लिहिणार?

'सगळं ऑनलाइन झालं की प्रश्न संपला'

ऑनलाइनने फायदा झालाय. 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळतो, त्यासाठी तलाठ्याच्या मागे फिरावं लागत नाही. त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

पण तो सातबारा बरोबर कसा झाला हे बघा. हाताने लिहिलेला उतारा संगणकात चढवताना ढीगभर चुका झाल्या. नावं गळली, क्षेत्र चुकलं, इतर हक्कातल्या नोंदी उडाल्या. त्या सापडल्या कशा? 2017 साली गावोगाव चावडी वाचन झालं. गाव जमवायचं आणि संगणकातला उतारा मोठ्याने वाचून दाखवायचा. मी अशा एका वाचनाला हजर होतो. तलाठी एकसुरात वाचत होता, क्षेत्र शून्य हेक्टर चार आर, म्हणजे जेमतेम चार गुंठे. मागच्या रांगेतून एक म्हातारबा ताडकन उठले, "चाळीस गुंठं हाय माझं, चार न्हवं! बा जाताना वाटून दिल्यालं हाय, ह्यो चुलता बसलाय, इचारा." चुलत्याने मान हलवली. जुनं दप्तर काढलं, चाळीसच निघाले, शून्य एक घर सरकलं होतं. ही चूक कुठल्याही सॉफ्टवेअरने धरली नसती, कारण सॉफ्टवेअरला चार आरचं शेत चालतं. ती धरली चावडीने. बाहेरून आलेल्या यंत्रणेला गावच्या रिवाजाने दुरुस्त केलं, आणि असं झालेलं मेसेज लिहिणाऱ्याच्या कल्पनेतही नाही. त्याच्या लेखी स्थानिक पद्धत म्हणजे फक्त घाण.

'या मातीत शिस्त कधी नव्हतीच'

हे कोल्हापूरच्या माणसाने वाचून घ्यायचं? राजर्षी शाहूंनी 26 जुलै 1902 ला संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. 1918 साली पिढीजात कुलकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी नेमले. गावचं दप्तर एका घराच्या माळ्यावरून काढून सरकारी नोकराच्या हातात देणं, ही त्या काळातली केवढी मोठी प्रशासकीय सुधारणा होती! तिला विरोधही तेवढाच झाला.

अलीकडचं हवं असेल तर लखिना पॅटर्न घ्या. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कुठलंही परदेशी मॉडेल न आणता कार्यालयाची बसण्याची रचना, अभिलेख, कामाची पद्धत बदलून दाखवली. आमच्या पिढीला त्याच वळणावर सहा गठ्ठे पद्धत शिकवली गेली: चालू प्रकरणं, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची, आणि नष्ट करायची. कपाट उघडलं की कुठला कागद कुठे हे डोळे मिटून सांगता यायचं. 2017 साली पुणे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी त्याच पायावर झिरो पेंडन्सीची, म्हणजे एकही काम प्रलंबित न ठेवण्याची मोहीम आपल्या पाचही जिल्ह्यांत चालवली. त्या दिवसांत कोल्हापूरच्या कार्यालयांतून जुन्या कागदांचे ढीग बाहेर पडताना मी पाहिलेत. कारकून रविवारी येऊन गठ्ठे बांधत होते आणि कुणी कुरकुर करत नव्हतं, कारण हे काम त्यांना कळत होतं, त्यांच्या रोजच्या दप्तराचंच होतं. दळवी निवृत्त झाल्यावर बऱ्याच ठिकाणी पुन्हा मूळ पदावर आलं, हेही खरं. अधिकारी गेला की मोहीम जाते, हा आपला जुना रोग आहे आणि त्यावर खरंच कुणीतरी मेसेज लिहायला हवा.

'पगार टार्गेटला बांधा'

टार्गेटने काय होतं ते वर सांगितलं. चौदाव्या दिवशी त्रुटी काढणारा कारकून या हिशेबात बोनस घेऊन जाईल, आणि अवघड वारसाचं प्रकरण निस्तरत बसलेला मागे राहील. आयएसओ प्रमाणपत्राचंही तेच झालं. कार्यालयं रंगली, कुंड्या आल्या, फायलींवर रंगीत पट्ट्या आल्या. स्वच्छता झाली ती चांगलीच झाली, पण फेरफाराची तक्रार नोंद, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या बदलावर कुणी हरकत घेतलेलं प्रकरण, त्याने एक दिवस लवकर निकाली निघाली नाही.

'सामान्य माणसाच्या हातात काही नाही'

आहे. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याप्रमाणे प्रत्येक कार्यालयाने सेवा, मुदत, पदनिर्देशित अधिकारी (सेवा देण्याची जबाबदारी ज्याच्यावर तो) आणि अपिलीय अधिकारी यांची नावं फलकावर लावायची आहेत. अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यायचं आहे. मुदत संपली किंवा अर्ज फेटाळला की 30 दिवसांच्या आत पहिलं अपील करता येतं, नंतर दुसरं, आणि तिसरं थेट लोकसेवा हक्क आयोगाकडे. लोक अपील करत नाहीत, कारण उद्या पुन्हा त्याच टेबलाकडे जायचंय ही भीती. ती भीती मला समजते. पण अपील आलं की तो कागद साहेबांच्या पुढ्यात जातो आणि त्याचा तक्ता वर पाठवावा लागतो, हे आतल्या माणसाला पक्कं ठाऊक असतं. चौदाव्या दिवसाच्या त्रुटीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, तारखेसह. त्रुटीची पूर्तता करा, आणि सोबत साध्या कागदावर लिहून द्या, की सही पहिल्यापासून स्पष्ट होती, अर्ज मूळ तारखेपासून धरावा. पोच घ्या. पोच दिली नाही तर तोच अर्ज आवक-जावक कक्षात द्या, तिथे शिक्का मारावाच लागतो.